अमली पदार्थांतून होणारी हिंसा आणि पोलिसांचा निधी : नाशिककरांनी नेमके काय मागावे?

गंगेकाठी

नमस्कार. इंदिरानगर भागातील आमच्या चार सोसायट्यांनी मिळून एक समिती केली असून, तिच्या वतीने जिल्हा नियोजन समितीला निवेदन द्यायचे ठरले आहे. निमित्त असे की, दोन महिन्यांपूर्वी पहाटे आमच्या गल्लीच्या तोंडाशी दूध टाकणाऱ्या मुलावर कोयत्याचे वार झाले. वार करणारा 17 वर्षांचा, याच गल्लीत लहानाचा मोठा झालेला आणि त्या वेळी पूर्ण नशेत होता. भांडण कशावरून, तर सायकल आडवी लावली म्हणून. दूधवाला मुलगा वाचला, पण त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे अजून वळत नाहीत.

निवेदनाच्या मसुद्यात वीस सीसीटीव्ही कॅमेरे, दोन गस्ती वाहने आणि एक पोलीस चौकी एवढी मागणी आहे. मसुदा नीट लिहून काढायचे काम माझ्याकडे आले आणि लिहिता लिहिता मन अडखळले. त्या पहाटे कोपऱ्यावर सोसायटीचा कॅमेरा होता आणि तो चालूही होता. त्यामुळे आरोपी दुपारपर्यंत सापडला, हे खरे. पण त्याच्या खिशात पुडी कुठून आली, हे त्या कॅमेऱ्याला दिसले नव्हते.

पोलीस हा राज्याचा विषय, पगार राज्याच्या तिजोरीतून होतात. तरीही जिल्हा वार्षिक योजनेतून पोलिसांना वाहने आणि साधने मिळतात, केंद्राच्या आधुनिकीकरणाच्या योजनेतून काही येते, आणि सिंहस्थ तोंडावर असल्याने शहरात सुरक्षेवर खर्च होणारच आहे. म्हणजे पैसा येणार आहे. तो नेमका कशावर खर्च व्हावा आणि झाल्यावर त्याचा हिशेब आपण कोणत्या मोजमापाने घ्यावा, यावर अनुभवी सदस्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

सिडकोकर

कॅमेरे आणि गाड्या यांना इतके कमी लेखू नये, असे मला प्रामाणिकपणे वाटते. माझी पत्नी अंबडच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीत असते आणि रात्री साडेअकराला बसथांब्यापासून घरापर्यंत चालत येते. वाटेत अर्धवट बांधलेली एक इमारत आहे, तिथे रोज सात-आठ मुले बसलेली असतात. मध्यंतरी तीन आठवडे रोज अकरा ते बारा पोलिसांची गाडी तिथे थांबत होती, तेव्हा ती मुले दिसेनाशी झाली आणि तेवढे दिवस मी तिला आणायला गेलो नाही. गाडी बंद झाली आणि मुले परत आली. पुरवठ्याच्या मुळाशी जायचे ते खुशाल जा, पण मूळ सापडेपर्यंत आमच्या घरच्या बायकांनी त्या इमारतीसमोरूनच यायचे आहे.

निवृत्त_हवालदार

31 वर्षे पोलीस दलात काढली, त्यातली काही अमली पदार्थांच्या कारवायांत. नोकरीत असताना हे बोलता येत नव्हते, म्हणून आता सविस्तर लिहितो.

गल्लीत ज्या पुडीला एमडी म्हणतात ते मेफेड्रोन, रसायनांपासून बनवलेला अमली पदार्थ. फेब्रुवारी 2015 मध्ये ते एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धच्या कायद्याच्या यादीत आले. त्याचे अल्प प्रमाण 2 ग्रॅम आणि व्यावसायिक प्रमाण 50 ग्रॅम. गल्लीत विकणाऱ्या पोराला हे आकडे वकिलाइतके पाठ असतात, म्हणून तो अंगावर 2 ग्रॅमच्या वर माल ठेवत नाही. लागेल तसा लपवलेल्या जागेवरून आणतो. त्याला पकडले तर शिक्षा जास्तीत जास्त एक वर्ष आणि जामीन लगेच. महिन्याच्या तक्त्यात एका गुन्ह्याची भर पडते, माल मात्र दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पोराच्या हातून येतो. उलट त्या जागेवरून दोघांत मारामारी होते, कारण एक जण आत गेला की त्याचा कोपरा मिळवायला दोन टोळकी पुढे येतात. सिडकोकरांनी लिहिलेली गाडी तीन आठवडे थांबली तेव्हा ती मुले घरी बसली नसतील, शेजारच्या चौकात गेली असतील. तरीही गाडी थांबावीच, या मताचा मी आहे.

वरच्या माणसापर्यंत जायचे तर त्या पोराच्या मागे पंधरा-वीस दिवस साध्या कपड्यांत माणूस ठेवावा लागतो, सीडीआर, म्हणजे फोन कॉलच्या नोंदी, काढून वाचत बसावे लागते आणि धागा परराज्यात गेला की पथक पाठवावे लागते. पथक निघाले की खासगी गाडी, डिझेल, टोल, लॉजचे भाडे, जेवण हे सगळे आधी आपल्या खिशातून जाते. एका तपासात आम्ही चौघांनी मिळून साडेअकरा हजार रुपये घातले होते आणि ते परत मिळायला चौदा महिने लागले. त्या वर्षी माझ्या मुलीची बारावीच्या शिकवणीची फी मी उसने घेऊन भरली. खबऱ्याचेही तेच. त्याला द्यायचे ते त्याच आठवड्यात द्यावे लागते; मंजुरी आल्यावर देतो म्हटले की पुढची खबर दुसरीकडे जाते, किंवा कुठेच जात नाही.

तेव्हा निवेदनात गाडी अवश्य मागा, पण गाडीबरोबर चालक आणि डिझेल मागा, आणि तपासाच्या प्रवासासाठी आगाऊ रक्कम मिळण्याची सोय मागा. चालक नसलेली वाहने आवारात उभी राहून टायर बसतात, हे मी पाहिले आहे.

एक गोष्ट निधीने मिळत नाही, तीही सांगतो. छाप्याच्या वेळी पंच, म्हणजे जप्तीचे साक्षीदार नागरिक, मिळत नाहीत. शेजारी दार लावून घेतात. शेवटी तेच ते दोन पंच वारंवार आणले जातात आणि कोर्टात बचावाचा वकील त्यांना पाच मिनिटांत उघडे पाडतो.

सातपूर_उद्योजक

हवालदारसाहेबांनी गल्लीतून वर जाण्याबद्दल लिहिले. मी कारखान्याच्या बाजूने लिहितो, कारण नाशिकमध्ये वरचे टोक फार लांब नव्हते. ऑक्टोबर 2023 मध्ये नाशिक रोडजवळच्या शिंदे गावात एमडी तयार करणारा कारखाना सापडला आणि सुमारे 300 कोटी रुपये किमतीचा माल जप्त झाला. तो शोधून काढला मुंबईच्या साकीनाका पोलिसांनी. आपल्या शहराच्या वेशीवर हे चालू होते आणि ते मुंबईहून येऊन कोणी तरी शोधावे, याची मला आजही खंत वाटते.

माझा रसायनांशी संबंधित लहान उद्योग आहे. असा माल बनवायला आडरानातली प्रयोगशाळा लागत नाही. पाणी, वीज, थोडी काचेची किंवा स्टीलची भांडी, द्रावक आणि दुर्गंधीबद्दल न विचारणारे शेजारी पुरतात. बंद पडलेले गाळे भाड्याने घेतले जातात, करारावर साबण किंवा रंग असे काही लिहिलेले असते. हे तपासायला पोलीस एकटे पुरणार नाहीत. औद्योगिक वसाहतीचे अधिकारी, प्रदूषण नियंत्रण मंडळ, वीज वितरण आणि पोलीस यांनी बंद गाळ्यांची यादी दर तीन महिन्यांनी एकत्र पडताळली, तर खर्च नगण्य आहे. आम्ही काही उद्योजकांनी हे सुचवले होते. एक बैठक झाली, चहा झाला, पुढे काही झाले नाही. ज्या वीजजोडणीचा वापर वर्षभर शून्य होता आणि अचानक वाढला, अशा गाळ्यांची यादी काढणे तर संगणकावरचे एका दुपारचे काम आहे.

वकिली_डायरी

हवालदारकाकांचा पंचांचा मुद्दा मी रोज न्यायालयात पाहते. मी फौजदारी खटले चालवते, अनेकदा बचावाच्या बाजूने. त्यामुळे माझे मत काहींना रुचणार नाही, तरी लिहिते.

एनडीपीएसचे खटले आरोपी निर्दोष असल्यामुळे सुटतात असे नेहमीच नसते. ते कार्यपद्धतीतील चुकांमुळे सुटतात. मिळालेली खबर कलम 42 प्रमाणे लेखी नोंदवून वरिष्ठांना कळवायची राहते. अंगझडती राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यांसमोर घेण्याचा कलम 50 चा हक्क आरोपीला आधी समजेल अशा भाषेत सांगितलेला नसतो. कलम 52अ नुसार दंडाधिकाऱ्यांसमोर नमुने काढायचे असतात, ते जागेवरच काढून मोकळे होतात. केवळ 52अ च्या त्रुटीने खटला आपोआप कोसळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये स्पष्ट केले आहे. पण तीन-चार त्रुटी एकत्र आल्या की न्यायाधीश तरी काय करणार? दुसरीकडे, व्यावसायिक प्रमाण असेल तर कलम 37 मुळे जामीन अतिशय कठीण असतो, म्हणजे चुकीचा माणूस पकडला गेला तर तो वर्षानुवर्षे आत राहतो. त्यामुळे काटेकोर तपासाची गरज दोन्ही बाजूंनी आहे.

1 जुलै 2024 पासून नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 प्रमाणे झडती आणि जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रण बंधनकारक झाले आहे. ते चित्रण आजही बऱ्याचदा पोलिसांच्या खासगी मोबाईलवर होते. त्यासाठी साधन, साठवणूक आणि प्रशिक्षण यांवर निधी हवा. चित्रण नीट झाले तर पंच फितूर झाला तरी पुरावा उभा राहतो. नाशिकमध्ये प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे, ही आपली जमेची बाजू. 2022 च्या नियमांनुसार नमुना मिळाल्यापासून 15 दिवसांत अहवाल अपेक्षित आहे. तिथे विश्लेषक किती आणि प्रलंबित नमुने किती, हे माहिती अधिकारात विचारा आणि मगच निवेदनात आकडा घाला. माझ्या मते एका गस्ती गाडीच्या किमतीत दोन कंत्राटी विश्लेषकांचा पगार बराच काळ निघेल आणि त्याचा परिणाम जास्त टिकेल.

नाशिकरोडकर

एवढे सगळे करायला वर्षे जातील. ऑक्टोबर 2025 मध्ये शहर पोलिसांनी गुंडगिरीविरुद्ध मोहीम घेतली, 'नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला' हे वाक्य फिरणाऱ्या चित्रफितींत पकडलेल्यांच्याच तोंडून ऐकू आले आणि आमच्या चौकातली टोळकी आठवड्यात गायब झाली. त्यासाठी वेगळा निधी लागला नाही, इच्छाशक्ती लागली. तडीपारी आणि एमपीडीए (खटल्याआधीच स्थानबद्ध करण्याचा कायदा) ही हत्यारे 1951 आणि 1981 च्या कायद्यांपासून पोलिसांच्या हातात आहेत. ती वापरली की फरक पडतो.

वकिली_डायरी

@नाशिकरोडकर, चौक मोकळा झाल्याचा दिलासा मलाही मिळाला, कारण मी त्याच शहरात राहते. मात्र दोषसिद्धीपूर्वी आरोपीची चित्रफीत फिरवणे मला मान्य नाही, मग तो कितीही उर्मट असो. शिवाय तडीपार झालेला माणूस सिन्नर किंवा इगतपुरीत जाऊन तोच धंदा करू शकतो, आणि मुदत संपली की परत येतो. जुलै 2025 मध्ये राज्याने मकोका या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याच्या व्याख्येत अमली पदार्थांचे गुन्हे आणले, त्यामुळे पुरवठ्याच्या साखळीवर कारवाईचा मार्ग खुला झाला आहे. पण मकोकाचा तपास हा सर्वांत वेळखाऊ आणि मनुष्यबळ खाणारा असतो. इच्छाशक्तीला शेवटी माणसे लागतातच.

दूरदेशी

मी मूळची कॉलेज रोडची, आता बरीच वर्षे अमेरिकेत. इथल्या निधीची कहाणी या चर्चेत उपयोगी पडेल असे वाटते, कारण इथे हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला आणि त्यातून चांगले व वाईट दोन्ही निघाले.

26 फेब्रुवारी 1988 रोजी न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात एडवर्ड बर्न हा 22 वर्षांचा पोलीस शिपाई, अमली पदार्थांच्या टोळीविरुद्ध तक्रार करणाऱ्या एका साक्षीदाराच्या घराबाहेर गाडीत बसून पहारा देत असताना, डोक्यात गोळ्या घालून मारला गेला. पुढे केंद्र सरकारने स्थानिक पोलिसांना दिल्या जाणाऱ्या अनुदानाला त्याचे नाव दिले. आजही ते अनुदान राज्यांना लोकसंख्या आणि हिंसक गुन्ह्यांचे प्रमाण यांच्या सूत्राने वाटले जाते.

त्याच अनुदानावर चालणाऱ्या टेक्सासमधील एका विशेष पथकाने जुलै 1999 मध्ये टुलिया नावाच्या लहानशा गावात 46 जणांना पकडले, त्यातले बहुतेक कृष्णवर्णीय. पुरावा म्हणजे साध्या वेशातील एका अधिकाऱ्याची तोंडी साक्ष. चित्रण नाही, ध्वनिमुद्रण नाही. लोकांना कित्येक वर्षांच्या शिक्षा झाल्या आणि त्या अधिकाऱ्याचा राज्यात गौरव झाला. नंतर त्याची साक्ष विश्वासार्ह नसल्याचे उघड झाले आणि 2003 मध्ये राज्यपालांनी 35 जणांना माफी दिली. अटकांच्या आकड्यावर यश मोजले जाऊ लागले की काय घडू शकते, हे त्या गावाने भोगले. वकीलताईंनी चित्रणाबद्दल जे लिहिले ते वाचताना मला टुलियाच आठवले.

दुसरे उदाहरण नॉर्थ कॅरोलायनातील हाय पॉइंट शहराचे. 2004 मध्ये तिथल्या पोलिसांनी एका वस्तीतील विक्रेत्यांविरुद्ध शांतपणे पुरावे गोळा केले. ज्यांचा इतिहास हिंसक होता त्यांना अटक केली. उरलेल्यांना त्यांच्या आई, आजी आणि वस्तीतील वडीलधाऱ्यांसह बोलावले, त्यांच्यासमोर त्यांच्याविरुद्धचा पुरावा ठेवला आणि सांगितले की आज थांबलात तर खटला भरणार नाही, कामधंद्याला मदत करू. उद्या विकताना दिसलात तर हीच फाईल न्यायालयात जाईल. त्या वस्तीतला उघड्यावरचा बाजार मोडला. खर्च झाला तो पुरावे जमवण्यावर आणि माणसांवर.

सिडकोकर

ताई, माहिती मोलाची आहे. पण तिथे पोलीस 'खटला भरणार नाही' असे म्हणू शकतात. आपल्याकडे दखलपात्र गुन्ह्याचा पुरावा हातात असताना पोलिसांना असा सौदा करता येईल का?

वकिली_डायरी

जसाच्या तसा येणार नाही. पण वस्तीतल्या पंधरा-सोळा वर्षांच्या, अजून वापरणाऱ्याच पायरीवर असलेल्या मुलांसाठी कायद्यात जागा आहे. एनडीपीएसच्या कलम 64अ नुसार, अल्प प्रमाणाचा किंवा सेवनाचा आरोप असलेला व्यसनी स्वेच्छेने मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळते. हे कलम नाशिकमध्ये वापरलेले मी क्वचितच पाहिले आहे.

उंटवाडी

ते क्वचित का दिसते, ते मी सांगते. मी बालगुन्हेगारीच्या क्षेत्रात समुपदेशक म्हणून काम करते आणि या धाग्यात इतका वेळ त्या 17 वर्षांच्या मुलाबद्दल कोणी काही लिहील म्हणून थांबले होते.

स्वेच्छेने उपचार घ्यायचे तर आधी खाट मिळायला हवी. अल्पवयीन मुलाला दाखल करून घेणारे केंद्र शोधताना मी स्वतः एका आईबरोबर चार ठिकाणी फिरले आहे. एका ठिकाणी अठरा पूर्ण नाहीत म्हणून नकार, दुसरीकडे महिन्याचे शुल्क तिच्या पगाराहून जास्त, तिसरीकडे मुलाला खोलीत कोंडून ठेवतात हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आणि परत आलो. चौथीकडे तीन आठवड्यांनी या म्हणाले. तिसऱ्या आठवड्यात तो मुलगा चाकू लागून शासकीय रुग्णालयात दाखल झाला. ती आई धुणीभांडी करते. तिने मला विचारले, 'ताई, आधी इथे आणला असता तर ठेवला असता का हो?'

पुण्यात 1986 साली मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले आणि नशेकडे आजार म्हणून पाहायला महाराष्ट्राला शिकवले. चाळीस वर्षे झाली, तरी नाशिकएवढ्या शहरात किशोरवयीन मुलांसाठी शासकीय, स्वतंत्र विभाग असावा ही मागणी अजून करावी लागते.

आणखी एक. बाल न्याय अधिनियम 2015 चे कलम 78 मुलांचा वापर करून अमली पदार्थ विकणाऱ्या किंवा त्यांच्याकडून वाहून नेणाऱ्या प्रौढाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी सांगते. पुडी मुलाच्या खिशात सापडते, तेव्हा ती तिथे ठेवणाऱ्याचा शोध या कलमाखाली व्हायला हवा. तो शोध घ्यायला बालकांसाठी नेमलेल्या पोलीस अधिकाऱ्याकडे दुसरी दहा कामे असतात.

मालेगाव_रस्ता

उंटवाडीताईंचे वाचून गलबलून आले. एका मुद्द्याची भर घालतो. आमच्याकडे मालेगावात एमडीपेक्षा 'कुत्ता गोळी'ने जास्त घरे उद्ध्वस्त केली. ती कारखान्यात चोरून बनत नाही. झोपेची, चिंता कमी करण्याची, चिठ्ठीवर मिळणारी गोळीच असते. तिथे पोलिसांपेक्षा औषध निरीक्षकाचे काम मोठे आहे. त्यामुळे निवेदनात अन्न व औषध प्रशासनाची रिक्त पदे भरण्याचा उल्लेख राहू नये.

आडगाव_नाका

मी लेखापरीक्षणाच्या क्षेत्रातला, म्हणून हिशेबाच्या प्रश्नाकडे परत येतो, कारण गंगेकाठी यांनी सुरुवातीला तो विचारला होता आणि तो बाजूला पडला.

कोयत्याने वार झाला की गुन्हा दाखल होतो तो खुनाच्या प्रयत्नाचा किंवा गंभीर दुखापतीचा. आरोपी नशेत होता का, कोणत्या पदार्थाच्या, वाद उधारीवरून होता का, विक्रीच्या जागेवरून होता का, याची नोंद एका ठिकाणी होत नाही. पुडीचा गुन्हा वेगळ्या रकान्यात, वाराचा वेगळ्या. मग नाशिकमध्ये अमली पदार्थांमुळे झालेली हिंसा किती, हे कोणीच अधिकाराने सांगू शकत नाही आणि निधी दिल्यावर ती घटली की वाढली, हेही नाही. अटकेनंतर आरोपीची वैद्यकीय तपासणी करून घेण्याचा अधिकार पोलिसांना आहेच. प्रत्येक शस्त्रहल्ल्याच्या आरोपीचे रक्त आणि लघवी वेळेत तपासली जावी आणि तो निष्कर्ष गुन्ह्याच्या नोंदीशी जोडावा, ही मागणी मी सर्वांत वर ठेवीन.

फेब्रुवारी 2025 मध्ये राज्याने अमली पदार्थविरोधी कार्यदलासाठी 346 पदे आणि सुमारे 22 कोटी रुपये मंजूर केले. असा पैसा खाली येतो तेव्हा अटका किती आणि माल किती कोटींचा, एवढेच छापून येते. आपण विचारावे ते असे : दोषारोपपत्र मुदतीत गेले का, दोषसिद्धी किती खटल्यांत झाली, विकणाऱ्याच्या वरच्या पायरीवर किती वेळा पोहोचलो, आणि त्या वस्तीतले शस्त्रहल्ले कमी झाले का.

गंगेकाठी

सर्वांचे मनापासून आभार. चार रात्री बसून मसुदा नव्याने लिहिला आहे. सिडकोकर, तुमची गस्तीची गाडी कायम ठेवली आहे, मात्र एकच, चालक आणि इंधनासह, आणि अर्धवट बांधलेल्या इमारतींची यादी जोडून, रात्री साडेदहा ते साडेबारा अशी वेळ नमूद करून. कॅमेरे वीसवरून सहावर आणले. वाचलेल्या रकमेसमोर छाप्यांच्या चित्रणाची साधने आणि तपासाच्या प्रवासासाठी आगाऊ रक्कम असे लिहिले आहे. विश्लेषकांच्या मागणीपुढे आकडा मोकळा ठेवला आहे. माहिती अधिकाराचा अर्ज काल टाकला. बंद गाळ्यांची तिमाही पडताळणी, औषध निरीक्षकांची पदे आणि शस्त्रहल्ल्यातील आरोपींची तपासणी हे बिनखर्चाचे किंवा अल्प खर्चाचे विषय म्हणून जिल्हाधिकाऱ्यांना वेगळ्या पत्रात घातले आहेत, कारण ते नियोजन समितीचे सदस्य सचिव असतात आणि तेच संबंधित खात्यांना एकत्र बसवू शकतात.

किशोरवयीन मुलांच्या उपचार विभागाची मागणी पोलिसांच्या निवेदनात बसत नाही, असे समितीतील दोघांचे म्हणणे पडले. मी ती पहिल्या पानावर ठेवली आहे. दूधवाल्या मुलाच्या वडिलांनाही मसुदा वाचून दाखवला. ते म्हणाले, राहू द्या तिथेच.

निवृत्त_हवालदार

मसुदा चांगला झाला आहे. शेवटी एक ओळ घाला : आमच्या सोसायट्यांतून पंच म्हणून उभे राहायला इतके नागरिक तयार आहेत. कोणत्याही निवेदनात ही ओळ मी आजवर पाहिलेली नाही. मात्र आकडा खरा असू द्या. कोर्टाची तारीख पाच वर्षांनी पडली तरी यावे लागेल, हे प्रत्येकाला आधी सांगा.

सिडकोकर

मी आणि माझी पत्नी, दोन नावे धरा. आम्ही सिडकोचे असलो तरी चालेल ना? तिला पाच वर्षांचे सांगितले आहे. ती म्हणाली, तोपर्यंत दुसरी पाळी सुटलेली असेल, दिवसा येता येईल.

गंगेकाठी

चालेल. रविवारी सकाळी 10 वाजता आमच्या सोसायटीच्या सभागृहात सह्या आहेत, दोघेही या.